चित्रांतला तणमोर

वऱ्हाडांत तणमोराचें नांव ऐकलेलीं माणसें पुष्कळ सांपडतील. तो प्रत्यक्ष पाहिलेलीं फार थोडीं. उभा जन्म वाशीम जिल्ह्यांत काढलेल्या सुशिक्षित गृहस्थासहि या पक्ष्याची ओळख बहुधा चित्रावरूनच झालेली असते, आणि तें चित्र कोणीं काढलें, कशानें काढलें, किंबहुना तें निघालें त्या वेळीं समोर तणमोर होता कीं नव्हता, हें सांगणें आतां दिवसेंदिवस कठीण होत चाललें आहे. संगणकास चार शब्द सांगितले कीं पावसाळी गवतावर उडी घेतलेला तणमोर पळभरांत पडद्यावर उमटतो. त्याच्या पिसांवर दंव असतें, पाठीमागें सूर्य बरोबर त्याच घटकेस उगवत असतो, आणि पाहणारा 'वाहवा' म्हणून पुढील चित्राकडे वळतो.

आम्हांस छायाचित्रणाचा जुना नाद आहे, व त्यामुळें या नव्या चित्रकलेविषयीं आमचें मत कलुषित असण्याचा संभव आहे, हें प्रथमच सांगून ठेवणें बरें. परंतु आमच्या एका विद्यार्थ्यानें या प्रकरणीं जो कोटिक्रम लढविला, तो नुसत्या नादापायीं झिडकारून टाकण्यासारखा नाहीं. तो म्हणाला, "सर, आपण कॅमेरा घेऊन रानांत जातां. पाखरूं बिचकतें, घरटें सोडतें, त्याची वीण फुकट जाते. जो घरीं बसून यंत्राकडून चित्र करवितो, तो कोणाच्या पिसालाहि धक्का लावीत नाहीं. मग दोघांत सज्जन कोण?" प्रश्न अहिंसेच्या भूमीवरून विचारलेला आहे, आणि कारंज्यासारखें जैनांच्या जुन्या मंदिरांचें व ग्रंथभांडारांचें गांव ज्या जिल्ह्यांत आहे, तेथें तो विचारला जावा हें साहजिकहि आहे.

प्रथम त्या पक्ष्याकडे पाहूं. माळढोकाच्या कुळांतले जे पक्षी भारतांत आढळतात, त्यांत तणमोर सर्वांत लहान. आकारानें गांवठी कोंबडीएवढा. एरवीं नर काय आणि मादी काय, दोघेंहि वाळल्या गवताच्या रंगाचीं. पावसाळा लागला म्हणजे नराची मान आणि पोट काळेंभोर होतें, पंखांवर पांढरा पट्टा उमटतो, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंनीं टोकाशीं रुंद होत गेलेले तुरे मागें वळून येतात. मादी त्याच्याहून अंगानें थोडी मोठी. पण वाढलेल्या गवतांत ती उभी राहिली कीं तिला नर दिसत नाहीं आणि नराला ती दिसत नाहीं. यावर निसर्गांत निघालेला उपाय असा, कीं नर गवतांतून एकाएकीं पुरुषभर उंच उसळतो, हवेंत पंख फडफडवितो, मान मागें टाकतो, आणि क्षणांत पुन्हां गवतांत बुडतो. असें तो दिवसाकांठीं शेंकडों वेळां करतो, आणि बहुधा ठरलेल्या जागेवरूनच करतो. त्यामुळें पूर्वीं शिकाऱ्याला आणि आतां छायाचित्रकाराला, तो कोठें उसळणार हें आधींच ठाऊक असतें. जागा एकाला कळली कीं फोनवरून दहांना कळते, आणि मोटारी गवतांत शिरतात. मादीचें घरटें म्हणजे जमिनीवरचा साधा खळगा. अंडीं ती एकटीच उबविते. २०२१ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गरक्षण संघानें हा पक्षी नामशेष होण्याच्या अगदीं कांठावर आलेल्या जातींत घातला. त्याचीं गवताळ रानें नांगरटीखालीं गेलीं, हें याचें मुख्य कारण होय. पण जे थोडे उरले आहेत, त्यांच्या वीणीच्या दिवसांत त्यांच्यामागें दुर्बिणीएवढीं भिंगें घेऊन धांवणें हें कोणत्याहि नीतिशास्त्रांत बसणार नाहीं.

म्हणून विद्यार्थ्याच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग आम्ही बिनशर्त मान्य करतों. त्यांत आमच्या बाजूनें आणखी दोन लाजिरवाण्या गोष्टींची भर घालतों. वन्य जीवांच्या छायाचित्रांसाठीं लंडनला जी जगप्रसिद्ध स्पर्धा भरते, तींत २००९ सालीं कुंपणावरून झेप घेणाऱ्या एका लांडग्याच्या चित्रास पहिला मान मिळाला. पुढें परीक्षकांनीं चौकशी केली, तेव्हां तो लांडगा बहुधा माणसाळलेला, शिकविलेला असावा असें ठरून पारितोषिक परत घेण्यांत आलें. २०१७ सालीं त्याच स्पर्धेंत वारुळाजवळ आलेल्या मुंगीखाऊचें चित्र गाजलें, आणि २०१८ सालीं तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असा निर्णय देऊन परीक्षकांनीं तेंहि बाद केलें. कॅमेऱ्यानें काढलें एवढ्यावरून चित्र खरें ठरत नाहीं.

येथें एक जुनी समजूत बाजूला सारली पाहिजे. छायाचित्र म्हणजे प्रकाशानें आपण होऊन काढलेलें चित्र, त्यांत माणसाचा हात नाहीं, असें समजण्याचा प्रघात आहे. हल्लींच्या कॅमेऱ्यांतील बहुतेकांच्या पोटांत जो प्रकाशग्राही पत्रा असतो, त्याचा प्रत्येक कण एकच रंग टिपतो: निम्मे कण हिरवा, पाव तांबडा, पाव निळा. ही रचना कोडॅक कंपनींतील ब्राइस बेयर यानें केली आणि १९७६ सालीं तिचें पेटंट मिळालें. उरलेले रंग यंत्र शेजारपाजारच्या कणांवरून हिशेबानें भरतें. म्हणजे आम्ही मोठ्या अभिमानानें दाखवितों त्या चित्रांत रंगाच्या तीन हिश्श्यांपैकीं दोन हिस्से अनुमानाचे असतात! आणि ही गोष्ट नव्या यंत्रांतच आली असेंहि नाहीं. खुद्द डार्विननें १८७२ सालीं मनुष्य व प्राणी यांच्या भावदर्शनावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो छायाचित्रें घालून छापलेल्या पहिल्या कांहीं शास्त्रीय ग्रंथांपैकीं एक. त्यांत द्युशेन नांवाच्या फ्रेंच वैद्यानें विजेच्या सळ्या लावून एका म्हाताऱ्याच्या मुद्रेवर भय उत्पन्न केल्याचें चित्र आहे. छायाचित्रावरून ठसा कोरतांना त्या सळ्या गाळून टाकल्या आहेत. डार्विननें विजेची गोष्ट मजकुरांत लपविली नाहीं, म्हणून त्यास कोणी लबाड म्हणत नाहीं. चित्रावर हात फिरला. शब्दांनीं तो उघड केला. हा भेद पुढें उपयोगी पडणार आहे.

उत्क्रांतीच्याच इतिहासांत याच्या उलट घडलेलें एक उदाहरण आहे, आणि तें आम्हांस या साऱ्या प्रश्नाच्या मुळाशीं नेणारें वाटतें. इंग्लंडांत अंगावर मिऱ्याची पूड उडविल्यासारखा दिसणारा एक पांढुरका पतंग असतो. १८४८ सालीं मँचेस्टरजवळ त्याच्यांतला एक काळा पतंग सांपडला. शतक संपतांना त्या धुरकट शहरांत जवळजवळ सारे पतंग काळे झाले होते. काजळीनें काळ्या पडलेल्या झाडांवर पांढरा पतंग पक्ष्यांच्या डोळ्यांत भरतो आणि काळा वांचतो, असें अनुमान होतें. बर्नार्ड केटलवेल यानें १९५३ व १९५५ सालीं रानांत पतंग सोडून हें अनुमान कसोटीस लावलें आणि तें बरेंचसें खरें ठरलें. पुढें जगभरच्या पाठ्यपुस्तकांत एक छायाचित्र अजरामर झालें: झाडाच्या खोडावर शेजारीं शेजारीं बसलेले दोन पतंग, एक ठसठशीत दिसणारा आणि दुसरा शोधून काढावा लागणारा. मुलांना नैसर्गिक निवड एका दृष्टिक्षेपांत समजावी असें तें चित्र होतें. कांहीं काळानें लोकांच्या लक्षांत आलें, कीं अशीं कित्येक चित्रें पतंग मुद्दाम ठेवून, कांहीं तर मेलेले पतंग टांचून काढलेलीं होतीं, आणि हा पतंग दिवसा मोकळ्या खोडापेक्षां फांद्यांच्या आडोशास बसणें अधिक पसंत करतो. मग काय विचारतां! ज्यांना उत्क्रांतीच नको होती, त्यांनीं सारा सिद्धान्तच टांचणीनें लावलेला आहे असा गिल्ला केला. मायकेल मॅजेरस या केंब्रिजच्या प्राध्यापकानें २००१ पासून पुढें कित्येक वर्षें आपल्या बागेंत जवळजवळ पांच हजार पतंग सोडून, ते खरोखर कोठें बसतात आणि त्यांना कोण खातें हें पहांटे पहांटे उठून पाहिलें. तो २००९ सालीं वारला. त्याचीं निरीक्षणें सहकाऱ्यांनीं २०१२ सालीं प्रसिद्ध केलीं, आणि केटलवेलचा निष्कर्ष पुन्हां आपल्या पायांवर उभा राहिला. सिद्धान्त आधींपासूनच खरा होता. चित्र मात्र मांडलेलें होतें, तें मांडलेलें आहे असें त्याखालीं कोणीं लिहिलें नव्हतें, आणि त्या न लिहिलेल्या ओळीचा दंड सिद्धान्तास अर्धशतक भरावा लागला.

आमच्या मतें निसर्गचित्राचें सत्य त्या ओळींत असतें. हें चित्र अमक्या दिवशीं, अमक्या ठिकाणीं, अमक्या जिवंत प्राण्याचें, आणि त्यावर माझा हात अमुक इतका फिरला, अशी ती ओळ. जुन्या पक्षिशास्त्रज्ञांना तिचें मोल ठाऊक होतें. पेंढा भरलेल्या पक्ष्याच्या पायास चिठ्ठी बांधलेली नसली तर त्याची किंमत त्यांच्या लेखीं शोभेच्या वस्तूपलीकडे नसे. ही चिठ्ठी खोटी असली म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें पाहिलें आहे. रानपिंगळा हा लहानसें घुबड १८८४ नंतर खात्रीनें कोणाच्या हातीं लागला नव्हता. कर्नल माइनर्ट्झहागेन या प्रख्यात संग्राहकाचा एक नमुना तेवढा १९१४ सालीं गुजरातेंत, तापीच्या बाजूस मिळाला म्हणून नोंदलेला होता. पामेला रासमुसेन या विदुषीनें तो नमुना तपासला, तेव्हां असें निघालें कीं तो मुळांत एकोणिसाव्या शतकांतील दुसऱ्या कोणाचा, संग्रहालयांतून उचललेला, पुन्हां भरून नवी चिठ्ठी लावलेला होता. ती चिठ्ठी दूर सारून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरचीं ठिकाणें तिनें व तिच्या दोन सोबत्यांनीं धुंडाळलीं, आणि १९९७ च्या नोव्हेंबरांत खानदेशांत, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशीं, एकशें तेरा वर्षांनीं रानपिंगळा एका फांदीवर दिवसाढवळ्या बसलेला दिसला. त्या एका खोट्या चिठ्ठीनें कोणत्याहि पाखराच्या पिसास धक्का लागला नव्हता, हें आमच्या विद्यार्थ्यानें लक्षांत घ्यावें. तरीहि तिनें त्या पाखराचा अपराध केला होता, कारण तें जेथें नव्हतें तेथें तें आहे असें तिनें सांगितलें.

आज ही चिठ्ठी लावण्याचें काम छायाचित्र करतें. दुर्मिळ पक्षी दिसला असें कोणीं कळविलें, तर पक्षिनिरीक्षक पुरावा म्हणून छायाचित्र मागतात. 'ईबर्ड'सारख्या जागतिक नोंदवह्यांतहि असामान्य नोंदीस तेंच विचारलें जातें. उद्यां कोणीं मालेगांवच्या किंवा मंगरुळपीरच्या माळावरचा म्हणून यंत्रानें केलेला तणमोर पाठविला, तर? कोणी म्हणेल, जाणते लोक तो ओळखतील. कदाचित् ओळखतीलहि. पण त्याच्या पुढची पायरी अधिक वाईट आहे, आणि ती समजून घेण्यास पुन्हां उत्क्रांतीकडेच जावें लागतें.

लिंबाच्या किंवा कढीलिंबाच्या झाडाभोंवतीं फिरणारें कॉमन मॉर्मन नांवाचें काळें फुलपांखरूं आपल्याकडे सर्वत्र आहे. त्याच्या माद्यांपैकीं कांहीं, कॉमन रोज नांवाच्या अगदीं दुसऱ्या जातीच्या फुलपांखरासारख्या दिसतात. कॉमन रोजचे सुरवंट विषारी वेलींवर वाढतात, म्हणून तें फुलपांखरूं पक्ष्यांना पचत नाहीं. एकदां अनुभव घेतलेला पक्षी पुन्हां त्या तांबड्या ठिपक्यांच्या वाटेस जात नाहीं. मॉर्मनची मादी स्वतः बिनविषारी. ती केवळ वेष घेऊन वांचते. या नकलेचा उलगडा हेन्री बेट्स यानें १८६२ सालीं ॲमेझॉनच्या फुलपांखरांवरून केला, आणि डार्विनला तो फार मानवला. यांत खुबी अशी, कीं नकला अस्सलांच्या मानानें थोड्या असतील तोंवरच हा व्यवहार चालतो. नकला फार झाल्या तर पक्ष्याला दर वेळीं गोड घांस मिळूं लागतो, तो ठिपक्यांना भीत नाहींसा होतो, आणि मग जें खरोखर विषारी आहे त्याच्यावरहि चोंच पडते. खोट्याच्या सुळसुळाटानें खऱ्याचीहि पत जाते.

छायाचित्रांच्या बाबतींत हें घडूं लागलें आहे. २०२३ सालीं एका जर्मन कलावंतानें मोठ्या छायाचित्रस्पर्धेंत बक्षीस मिळाल्यावर आपलें चित्र यंत्रनिर्मित असल्याचें सांगून तें नाकारलें, आणि त्याची चर्चा पुष्कळ झाली. आम्हांस त्याहून २०२४ सालची गंमत अधिक बोधक वाटते. एका स्पर्धेंत यंत्रनिर्मित चित्रांसाठीं वेगळा विभाग होता, आणि त्यांत डोकें नसलेल्या एका रोहित पक्ष्याच्या चित्रास बक्षीस मिळालें. मागाहून उघड झालें कीं तें खरेंखुरें छायाचित्र होतें! पक्षी मान वळवून पोट खाजवीत होता, एवढेंच. परीक्षकांनीं तें अर्थात् बाद केलें. आतां पाहा, निसर्गांतली एक सहज, किंचित् विनोदी मुद्रा शहाण्या माणसांस निसर्गाची म्हणून ओळखतां आली नाहीं. दहापांच वर्षांनीं कोणी पारधी खरा तणमोर टिपून आणील, आणि आम्ही तो पाहून हंसूं व 'छान केलें आहेस' म्हणूं; हा प्रसंग आम्हांस फार दूरचा वाटत नाहीं.

पारध्याचें नांव आम्ही सहज घेतलें नाहीं. अकोला-वाशीमकडच्या फासेपारधी समाजांतील कांहीं मंडळी गेलीं कित्येक वर्षें आपल्या गांवांजवळचीं गवताळ रानें राखीत आहेत आणि तणमोरावर लक्ष ठेवीत आहेत. ज्यांच्या बापजाद्यांनीं फांस लावून पोट भरलें, त्यांना तो पक्षी कोठें उतरतो हें कॅमेरेवाल्यांपेक्षां अधिक ठाऊक असावें यांत नवल नाहीं. तित्तराची हुबेहूब साद घालून तित्तराला बोलाविण्याची कला त्यांच्याकडे पिढीजात आहे. नक्कल म्हणजे काय आणि ती कोणासाठीं असते, हें त्यांना आमच्याकडून शिकावयास नको.

कोणासाठीं, हा शब्द महत्त्वाचा आहे. तणमोराची उडी सुंदर आहे, पण ती आमच्यासाठीं नाहीं. मोराच्या पिसाऱ्याकडे पाहिलें कीं मळमळतें, अशा अर्थाचें डार्विननें १८६० सालीं अमेरिकेंतील आपल्या वनस्पतिशास्त्रज्ञ मित्राला, आसा ग्रे याला, लिहिलें होतें. जगण्याच्या झगड्यांत असलें ओझें कशाला, याचा त्यास उलगडा होत नव्हता. अकरा वर्षांनीं, १८७१ सालीं, त्यानें तो उलगडा ग्रंथरूपानें मांडला: लांडोरीची पसंती पिढ्यानुपिढ्या पिसारा घडवीत आली आहे. तणमोराचा तुरा त्याच्या मादीच्या डोळ्यानें घडविला. काळविटाचीं पिळदार शिंगें आणि वयानें चढत जाणारा काळा रंग प्रतिस्पर्ध्यांनीं आणि हरिणींनीं मिळून घडविला. त्यांतून पक्ष्यांच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशींचे चार प्रकार असतात, आमच्या डोळ्यांत तीन. पुष्कळ पक्ष्यांना जांभळ्यापलीकडचा जो प्रकाश दिसतो, तो आम्हांस दिसत नाहीं, आणि आमचा कॅमेरा आमच्याच डोळ्याच्या मापानें बेतलेला आहे. मादीला तो तुरा कसा दिसत असेल, हें आम्ही कोणत्याहि चित्रावरून सांगूं शकत नाहीं.

यंत्रानें केलेल्या चित्राची निवड मात्र आमच्या डोळ्यांकडून होते. रिचर्ड डॉकिन्सनें १९८६ च्या सुमारास संगणकावर एक खेळ केला होता: कांहीं रेघांच्या आकृति, त्यांत थोडे थोडे आपोआप होणारे फरक, आणि पाहणाऱ्यानें प्रत्येक पिढींतून आवडेल ती निवडावयाची. थोड्याच पिढ्यांत पडद्यावर किड्यांसारखे, झाडांसारखे आकार दिसूं लागले. आज कोट्यवधि लोक फोनवर बोट दाबून हाच खेळ नकळत खेळत आहेत. जें चित्र आवडतें तें पसरतें, त्याच्यासारखीं आणखी निपजतात, जें फिकें तें मरतें. अशा रीतीनें तणमोराच्या आतां दोन जाती झाल्या आहेत असें म्हटलें तरी चालेल. एकीला मादी निवडते आणि गवत पोसतें. दुसरीला आम्ही निवडतों आणि आमची करमणूक पोसते. दुसरीचा तुरा दर वर्षीं लांब होईल, उडी उंच होईल, मागचें आकाश अधिक लाल होईल. ती कधींच मरणार नाहीं.

म्हणून संगणकावरची कलाच वाईट, असें कोणीं समजूं नये. वाशीमच्या माणसानें तर तसें म्हणूंच नये. ज्या वत्सगुल्माचें आजचें नांव वाशीम, ती वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी होती. त्या घराण्यांतील हरिषेण राजाचा अमात्य वराहदेव यानें पांचव्या शतकांत अजिंठ्याचें सोळावें लेणें करविलें. त्याच काळांतील पहिल्या लेण्यांत एका खांबाच्या शिरावर चार हरणें कोरलेलीं आहेत, आणि चौघांत मिळून डोकें एकच. जें शरीर पाहावें त्याचेंच तें डोकें वाटतें. असें हरीण कोणत्याहि माळावर नव्हतें, आणि पाहणाऱ्याला तें आहे असें शिल्पकारानें कधीं भासविलेंहि नाहीं. पण हरीण मान कशी वळवितें, बसतांना पाय कसे घेतें, हें ज्यानें डोळे भरून पाहिलें नाहीं त्याला ही कल्पना सुचली नसती. पुढें त्याच लेण्यांतील चित्रांच्या नकला मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून वर्षानुवर्षें केल्या, आणि त्यांतल्या बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हां केल्या, आणि त्यांपैकींहि पुष्कळ आगींत गेल्या! ज्या उरल्या, त्यांत भिंतीवरून आज झडून गेलेले तपशील पाहावयास मिळतात. तीं चित्रें हातानें काढलेलीं, कॅमेऱ्याविना. पण भिंतीवर जें होतें त्याला बांधलेलीं. कल्पनेचें हरीण आणि नकलेची भिंत, दोन्ही प्रामाणिक, कारण दोहोंनीं आपण कोण हें सांगितलें.

आमच्या पंथाच्या छायाचित्रकारांनीं या कसोटीवर स्वतःलाहि घांसून पाहावें. कारंजा-सोहोळचें काळविटांचें अभयारण्य २००० सालीं झालें. अवघें अठराएक चौरस किलोमीटरांचें. तेथील चित्रें आम्ही पुष्कळ पाहिलीं आहेत: सोनेरी गवत, धुळींत झुंजणारे दोन नर, मावळता सूर्य. त्यांत शेजारचा सोयाबीन कधीं दिसत नाहीं. रात्रभर जागल करून, डबे वाजवून, कळप तुरींतून हांकणारा शेतकरी दिसत नाहीं. जिल्ह्यांतून गेलेला समृद्धि महामार्ग, तारेचें कुंपण, विजेचे खांब, सारें चौकटीबाहेर कापलेलें असतें. यांत एक कणहि बदललेला नाहीं, असें शपथेवर सांगतां येईल. पण पुण्या-मुंबईचा जो वाचक तें चित्र पाहून 'हरणांना त्रास देणारे हे शेतकरी कोण?' असें विचारतो, त्याची दिशाभूल त्या कात्रीनें केलेली असते. कोणी हौशी माणूस यंत्राकडून काळवीट करवितो आणि खालीं 'कल्पनाचित्र' असें लिहितो, तो आम्हांस या कात्रीवाल्यापेक्षां बरा वाटतो.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. घरीं बसून चित्र करविणारा पिसास धक्का लावीत नाहीं, हें खरें. पण तणमोर असो वा नसो, त्याच्या चित्रांत कांहींच फरक पडत नाहीं. आम्ही आठ दिवस माळावर जाऊन रिकाम्या हातांनीं परत येतों, तेव्हां ती रिकामी तबकडीहि कांहीं सांगत असते: येथें होता, आतां नाहीं, किंवा यंदां पाऊस उशिरा आला, किंवा गवत चरून गेलें. यंत्रास तणमोर मागितला आणि 'आज नाहीं' असें त्यानें उत्तर दिलें, असें घडत नाहीं. शेवटचा तणमोर गवतांत शेवटचा बुडेल, त्या दिवसापासून त्याचें छायाचित्र निघणें बंद पडेल, आणि तें बंद पडलें यावरूनच पुढच्या लोकांस कळेल कीं कांहीं घडलें. यंत्राचीं चित्रें त्या दिवशीं, दुसऱ्या दिवशीं, पन्नास वर्षांनींहि तितकींच ताजीं निघत राहतील. सरकारी नकाशांत 'पडीक' म्हणून दाखविलेला माळ जेव्हां कोणा प्रकल्पास द्यावयाचा असतो, तेव्हां येथें तणमोर उतरतो असें म्हणणाऱ्याच्या हातांत तारखेचें, ठिकाणाचें चित्र असावें लागतें. तें काढतांना पाखराला धक्का लागूं नये यासाठीं दूर बसावें, वीणीच्या जागीं जाऊं नये, जागा फोनवर कोणास सांगूं नये. हे सारे निर्बंध छायाचित्रकारानें पाळलेच पाहिजेत, आणि जो पाळीत नाहीं त्याला आमचा विद्यार्थी जें म्हणेल तें आम्हांस मान्य आहे. पण धक्का लागूं नये म्हणून पाखरालाच हिशेबांतून काढून टाकणें याला अहिंसा म्हणतां येईल, असें आम्हांस वाटत नाहीं.

मध्यंतरीं गांवांत वन्य जीवांच्या छायाचित्रांचें एक लहानसें प्रदर्शन भरलें होतें. आमच्याकडे तणमोराचें चित्र मागण्यांत आलें. आम्ही सुचविलें कीं एक चौकट कोरी लावावी, आणि तिच्याखालीं ज्या ज्या माळांवर, ज्या ज्या दिवशीं आम्हांस तणमोर दिसला नाहीं, त्यांची यादी द्यावी. संयोजकांनीं सौजन्यानें ऐकून घेतलें आणि पाहुण्यांना तें कळणार नाहीं असें सांगितलें. त्या जागीं त्यांनीं अडाण धरणावरचा एक सूर्यास्त लावला. आणि तो, खरें सांगावयाचें तर, चांगला होता.